बाभूळ, लिंब, चिंच : धाराशिवच्या झाडांची ओळख



या तिमाहीचा अभ्यासपाठ झाडांविषयी आहे. निमित्त घडले ते असे. वसतिगृहातील मुलांना मी पाठ्यपुस्तकातला आदिवासी जीवनावरचा धडा शिकवत होतो. धड्यात मोहाची फुले वेचणाऱ्या बायका होत्या, टोपल्या होत्या, घनदाट जंगल होते. पारधी पिढीवरून आलेल्या एका मुलाने हात वर करून विचारले, "सर, मोह म्हंजी काय? आपल्याकडं हाय का?" (पारध्यांच्या वस्तीला आपल्या भागात 'पिढी' म्हणतात, हे बाहेरगावच्या वाचकांसाठी.) मी त्याला सांगितले, कळंब तालुक्यात मोहा नावाचे गाव आहे. तो म्हणाला, "गाव नव्हं, झाड." झाड मात्र मला त्याला दाखवता आले नाही.

आदिवासी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गडचिरोली, मेळघाट, नंदुरबार येते. आपला जिल्हा तसा नाही. राज्यात वनक्षेत्र सर्वांत कमी असलेल्या जिल्ह्यांत लातूर आणि धाराशिव यांची नावे येतात. जे थोडे जंगल आहे ते बालाघाटच्या उतारांवर. येडशीजवळचे रामलिंग घाट अभयारण्य त्यातले सर्वांना ठाऊक असलेले. ते 1997 साली जाहीर झाले आणि त्याचे क्षेत्र सुमारे 22 चौरस किलोमीटर एवढेच आहे. तरी या जिल्ह्यात झाडे नाहीत असे म्हणणारा माणूस बांधावरून चाललेला नाही. गावांची नावेच वाचा: पळसप, बाभळगाव, चिंचपूर, पिंपळगाव. ज्याने गावाला नाव दिले त्याला झाड ओळखता येत होते. आज आपल्यापैकी किती जणांना बाभूळ आणि हिवर यांतला फरक सांगता येईल? मला स्वतःला दहा वर्षांपूर्वी येत नव्हता. शेळ्या राखणाऱ्या मुलांनी शिकवला.

म्हणून हा पाठ त्या मुलांच्या क्रमाने लिहितो. पुस्तकात झाडे वर्णानुक्रमे येतात. मुलांच्या डोक्यात ती काट्याने, शेळीने आणि सरपणाने लागलेली असतात.

पाच बाभळी

आमच्याकडे 'बाभळ' हे एका झाडाचे नाव नाही, ते एका घराण्याचे आडनाव आहे असे समजा. त्यातली थोरली ती खरी बाभूळ, म्हणजे देशी किंवा गावठी बाभूळ. साल काळपट आणि खोल भेगांची. पानाच्या बुडाशी दोन-दोन सरळ, पांढरट काटे. फूल म्हणजे हळदीत बुडवलेला मऊ गोळा, मंद वासाचा. आणि शेंग पाहिली की शंका उरत नाही: करड्या रंगाची, बारीक लव असलेली, प्रत्येक बीनंतर आवळलेली, जणू ओवलेली माळ. तिची एक जात सरळ उंच वाढते, फांद्या आखडून घेते. तिला रामकाठी म्हणतात. बांधावर रामकाठी असेल तर पिकावर सावली कमी पडते, म्हणून जुने शेतकरी तीच राखत.

काळ्या जमिनीतल्या शेतीची जुनी अवजारे बघा. नांगर, कुळव, बैलगाडीचे चाक, मोटेच्या काळातले लाकूडकाम, सगळीकडे बाभूळ. लाकूड जड आणि चिवट, पाण्याला दाद न देणारे. सालीत टॅनिन भरपूर असल्याने कातडे कमावणाऱ्यांना ती लागे. गावोगावच्या चर्मकार बांधवांचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या याच सालीवर चालला. डिंक बाळंतिणीच्या लाडवात गेला, कोवळी काडी दात घासायला आणि काटेरी फांदी वाड्याच्या कुडाला. शेंगा शेळ्यांना.

हे झाड एकट्या आपल्या देशाचे नाही. आफ्रिका, अरबस्तान आणि भारतीय उपखंड असा त्याचा मूळ पसारा. शास्त्रीय नावातल्या 'निलोटिका' शब्दात नाईल नदी आहे. पूर्वी पुस्तकात 'अकेशिया निलोटिका' असे नाव असे. आता ते 'व्हॅचेलिया निलोटिका' झाले आहे. अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियातल्या झाडांना ठेवायचे असा निर्णय 2005 साली व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत झाला आणि 2011 साली मेलबर्नच्या परिषदेत तो कायम राहिला. बाभळीला याची खबर नाही, पण मुलांच्या हाती जुने पुस्तक पडले तर गोंधळ नको म्हणून सांगितले.

मंडळीतल्या वाचकांना बाभूळ आणखी एका ठिकाणी भेटलेली आहे. निर्गमाच्या 25 व्या अध्यायात कराराचा कोश ज्या लाकडाचा करायला सांगितला आहे, त्याला मराठी शास्त्रात बाभळीचे लाकूड म्हटले आहे. मूळ हिब्रू शब्द 'शिट्टीम'. सीनायच्या वाळवंटात वाढणारी ती झाडे आपल्या बाभळीची सख्खी चुलत भावंडे. भाषांतर करणाऱ्यांना मराठी माणसाच्या अंगणातला अगदी नेमका शब्द सापडला, असे मला वाटते. जिथे दुसरे मोठे लाकूड मिळत नाही अशा कोरड्या मुलखात कोशाला आणि नांगराला सारखेच झाड लागावे, हे आपल्या जिल्ह्यात राहणाऱ्याला लगेच पटते.

दुसरी हिवर. लांबून बाभळीसारखी, पण साल पांढुरकी, पिवळट, सोलून निघणारी. फुले बारीक, मळकट पांढरी, पावसाळ्याच्या उत्तरार्धात फांद्यांच्या टोकांना मोठ्या तुऱ्यांनी येतात. त्या दिवसांत सगळे झाड दुरून फेसाळल्यासारखे दिसते. शेंग बारीक, चपटी, तपकिरी, थोडी वळलेली. साल दारू गाळताना वापरत, हे इथल्या म्हाताऱ्यांना विचारले तर हसून मान्य करतात. माळावर उन्हात मेंढरे उभी करायला हिवराची छत्रीसारखी सावली सर्वांत चांगली.

तिसरी सौंदड, म्हणजे शमी. दसऱ्याला तिची आठवण होते, बाकी वर्षभर कोणी विचारत नाही. हिचे काटे जोडीने नसतात. फांदीवर इकडेतिकडे विखुरलेले, बुडाशी रुंद, आखूड. फूल गोळ्यासारखे नसून पिवळसर बारीक तुऱ्यासारखे. राजस्थानात हिलाच खेजडी म्हणतात आणि तिथले दुष्काळी गाव तिच्यावर जगते. आपल्याकडे ती कमी होत चालली आहे. कुठे जुने झाड दिसले तर जागा लिहून ठेवा.

चौथी सुबाभूळ. हिला काटेच नाहीत, म्हणून मुले हिला बाभूळ मानायला तयार नसतात. फुले पांढरे गोळे, शेंगा चपट्या, तपकिरी, घोसाने लोंबणाऱ्या. मूळची मेक्सिकोकडची. उरळीकांचनला मणिभाई देसाई यांनी 1967 साली सुरू केलेल्या बाएफ संस्थेने चाऱ्यासाठी आणि सरपणासाठी हिचा मोठा प्रसार केला. झाड झपाट्याने वाढते आणि शेळ्या आवडीने खातात. एक सावधगिरी मात्र शेळीपालनाचे कर्ज काढणाऱ्या प्रत्येक बाईला सांगायला हवी: पाल्यात मिमोसिन नावाचे द्रव्य असते. एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त सुबाभूळ देऊ नये. घोडा, गाढव यांना तर देऊच नये. त्यांचे केस गळतात. पिढीवर ज्यांच्याकडे घोडे, गाढवे आहेत त्यांनी हे लक्षात ठेवावे.

पाचवी, वेडी

पाचवीवर थोडे जास्त लिहावे लागेल. येडी बाभळ, वेडी बाभूळ, विलायती बाभूळ, कुठे इंग्रजी बाभूळ. नावांतच लोकांनी सांगून ठेवले आहे की ही बाहेरून आली. मेक्सिको, मध्य अमेरिका आणि दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग हे तिचे घर. ओसाड जमीन हिरवी करावी आणि सरपण मिळावे म्हणून 1870 च्या दशकात इंग्रज अंमलदारांनी बी भारतात आणले. ओळख सोपी: फुले गोळ्यासारखी नसून बोटभर लांबीच्या फिकट पिवळ्या शेपटीसारखी, शेंग जाड, सरळ किंवा किंचित वाकडी, पिकली की पिवळी आणि गोड. झाडाला एक खोड म्हणून नसतेच; बुडातून चार-पाच फांद्या फुटून वेडीवाकडी जाळी होते. काटा टायरमधून आरपार जातो, चपलेचे तर सोडाच.

ही आमच्या नदीपात्रांत, तलावांच्या काठांवर, पडीक गायरानांत, स्मशानांत सगळीकडे शिरली आहे. गोड शेंगा जनावरे खातात आणि शेणावाटे बी लांबवर नेऊन टाकतात. खाली गवत येत नाही. एकदा जमीन हिच्या ताब्यात गेली की मूळ खणून काढल्याशिवाय सुटका नाही. वरून तोडली तर दुप्पट फुटते. शेतकऱ्यांनी हिला शिव्या द्याव्यात हे बरोबरच आहे.

पण मी हिला सरसकट वाईट म्हणू शकत नाही, आणि त्याचे कारण पिढीवरच्या चुली आहेत. ज्या घराला शेत नाही, बांध नाही, गॅसची टाकी पुन्हा भरायला पैसे नाहीत, त्या घराची भाकरी वर्षभर वेड्या बाभळीवर भाजली जाते. हिच्या तोडीला कोणी हरकत घेत नाही, कोणी मालकी सांगत नाही. देशी बाभळीची फांदी तोडली तर बांधाचा मालक धावून येतो आणि पारध्याचा मुलगा असेल तर पुढे पोलीस. गावाने टाकलेल्या माणसाला गावाने टाकलेले झाडच उपयोगी पडते, ही काही अभिमानाची गोष्ट नव्हे. पण आहे तसे आहे.

याच झाडामुळे आणखी काही आदिवासी कुटुंबे आपल्या भागात येतात, आणि त्यांची ओळख आपल्या सहायकांपैकी बऱ्याच जणांना नसावी. पावसाळा सरला की रायगडकडचे कातकरी कोळसा पाडण्यासाठी मराठवाडा, सोलापूर आणि कर्नाटकच्या सीमेकडे निघतात. वेडी बाभूळ तोडायची, लाकडे रचायची, वर पाला आणि माती लिंपायची आणि आत हवा कमी ठेवून ती कित्येक दिवस धुमसत ठेवायची. रात्री उठून भट्टीला भोक पडले का ते पाहावे लागते; भोक पडले तर कोळशाऐवजी राख होते. चार-पाच किलो लाकडातून साधारण एक किलो कोळसा निघतो. मजुरी पोत्यावर. पोरे धुरात आणि शाळा रायगडात.

यातले बरेच जण पावसाळ्यातच ठेकेदाराकडून उचल घेऊन बसलेले असतात. हंगाम संपला तरी हिशेबात उचल फिटलेली नसते, मग पुढच्या वर्षी पुन्हा त्याच भट्टीवर. वेठबिगारी बंद करणारा कायदा 1976 साली झाला आहे. उचल फिटेपर्यंत माणसाला जाऊ न देणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे आणि तक्रार तहसीलदारांकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते. आपल्या गावाच्या शिवारात भट्टी लागलेली दिसली तर सहज जाऊन चौकशी करावी: कुठून आलात, पोरे किती, कोणी आजारी आहे का. एवढ्या चौकशीनेही ठेकेदाराच्या वागण्यात फरक पडतो.

कातकरी या नावाचाही झाडाशी संबंध आहे. 'कात' करणारे ते कातकरी. खैराच्या लाकडाचे तुकडे उकळून, रस आटवून विड्यातला कात होतो. कोकणच्या जंगलात हा त्यांचा पिढीजात धंदा होता. इंग्रजांच्या काळात जंगले राखीव झाली, खैर तोडणे गुन्हा झाला, आणि कात करणाऱ्यांच्या हाती कुऱ्हाड तेवढी उरली, झाड दुसऱ्याचे. महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमातींना शासनाने अतिमागास आदिम जमाती म्हणून नोंदले आहे, त्या कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. खैरापासून वेड्या बाभळीपर्यंतचा कातकऱ्यांचा हा प्रवास मुलांना सांगताना मला नकाशा काढावा लागला. त्या दिवशी भूगोलाचा तास झाला, झाडांचा राहून गेला.

लिंब आणि त्याची नक्कल

आपल्याकडे 'लिंब' म्हणजे कडुनिंब. पुण्याच्या पाहुण्याने लिंबाखाली बसा म्हटल्यावर लिंबू शोधले, असा विनोद आपल्याकडे चालतो. हे झाड मात्र भारतीय उपखंड आणि ब्रह्मदेशाकडचे, म्हणजे घरचेच. धान्याच्या कणगीत पाला, गोवर-कांजिण्या आल्या की अंथरुणावर पाला, पाडव्याला तोंडात पाला. निंबोळीच्या गराचा पाच टक्के अर्क, म्हणजे पाच किलो निंबोळी पावडर शंभर लिटर पाण्यात, हा कृषी खाते वर्षानुवर्षे सांगत आलेला किडीवरचा उपाय आहे. याच कडुनिंबाच्या तेलाच्या बुरशीनाशक वापरावर अमेरिकेच्या कृषी खात्याला आणि डब्ल्यू. आर. ग्रेस या कंपनीला 1994 साली युरोपात पेटंट मिळाले होते. ही माहिती भारतात आधीपासून होती असे दाखवून दिल्यावर ते 2000 साली रद्द झाले आणि 2005 साली अपीलही फेटाळले गेले. मुलांना ही गोष्ट फार आवडते. "म्हंजी आमच्या आजीची वस्तू चोरली होती का?" असा एकीने प्रश्न केला.

आता सावध करण्याची गोष्ट. शाळांच्या आवारात, रस्त्याच्या कडेला लिंबासारखे दिसणारे दुसरे झाड असते: बकाण, बकाणा निंब. दोघांत नाते आहे पण गुण वेगळे. लिंबाचे पान एकदाच विभागलेले असते, म्हणजे मधल्या दांड्याच्या दोन बाजूंना करवतीसारख्या कडांची वाकडी पाने. बकाण्याचे पान दोन-तीन वेळा विभागलेले, दांड्याला पुन्हा दांडे. लिंबाची फुले पांढरी, मधाच्या वासाची. बकाण्याची फिकट जांभळी. निंबोळी लांबट, पिकली की पिवळी, आत साधारण एक बी, आणि पिकलेला गर मुले चोखतात. बकाण्याचे फळ गोल, पाने गळून गेल्यावरही झाडावर घोसाने लटकत राहते, आत खाचा असलेली टणक आठळी.

हे फळ विषारी आहे. काही वर्षांपूर्वी आमची लहान मुले याच फळांच्या गोट्या खेळत होती आणि एकाने निंबोळी समजून चार-पाच चोखली. संध्याकाळपर्यंत उलट्या, जुलाब, पोटात कळा. दवाखान्यात रात्र काढली, पोर वाचले. चूक माझी होती; अंगणात उभे असलेले झाड मी कधी नीट पाहिलेच नव्हते. त्या घटनेनंतर हा पाठ सुरू झाला, हे खरे कारण. वर मोहाचे सांगितले ते अलीकडचे.

गोड झाडे

चिंच आपली वाटते, पण ती मूळची आफ्रिकेतली. फार जुन्या काळी इथे आली आणि इतकी मुरली की अरबांनी तिला 'तमर-ए-हिंद', म्हणजे हिंदचा खजूर, असे नाव दिले. त्यावरून इंग्रजी आणि शास्त्रीय नावे आली. ओळख सांगायची गरज नाही. चिंच झोडपणे पुरुषांचे आणि फोडणे बायकांचे काम. उन्हाळ्यात बार्शी, लातूरच्या बाजारासाठी घरोघरी पिशव्या येतात आणि बायका हातोडीने टरफल, शिरा, चिंचोका वेगळा करत बसतात. अंगठ्याला चिरा पडतात आणि आंबट त्यात झोंबते. चिंचोकेही वाया जात नाहीत. त्यांच्या पिठाची खळ सुताला देतात, घोंगडीला कडकपणा येतो तो याच खळीने. चिंचेचे जुने झाड विकत घेऊ पाहणारे लोक येतात, तेव्हा ध्यानात ठेवा: राज्याच्या 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत चिंच आहे. स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. पिढीवरच्या एखाद्या बाईला दरवर्षी चार पैसे देणारे झाड एकरकमी दोन हजाराला जाते आणि पुढची पन्नास वर्षे जातात.

सीताफळाचे नाव रामायणातले, पण झाड उष्ण अमेरिकेतले, पोर्तुगिजांच्या जहाजांबरोबर आले असे मानतात. बालाघाटच्या दगडी उतारावर ते रानटी झाल्यासारखे पसरले आहे, कारण शेळी त्याचा पाला खात नाही. शेजारच्या बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. दिवाळीच्या आधी टोपल्या घेऊन रस्त्यावर बसणाऱ्या बायकांत पारधी, वडार, लमाण सगळ्या दिसतात. एक इशारा: बिया वाटून डोक्याला लावल्या की उवा मरतात, हे खरे आहे आणि ते घरोघरी करतात. पण तो लगदा डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. न्हाताना पाणी कपाळावरून डोळ्यांत उतरतेच. मुलींच्या डोक्याला हा उपाय करू नका. बारीक दाताची फणी आणि दवाखान्यातले औषध पुरे.

उंबराला फूल नसते असे म्हणतात. असते, पण फळाच्या आत दडलेले, आणि एक चिलटाएवढी माशी आत शिरून परागीकरण करते. फळे थेट खोडाला लगडतात. ओढ्याकाठी उंबर असला की जवळ पाणी आहे असे विहीर खोदणारे मानतात. जक्कय ज्यावर चढला ते मराठी शास्त्रात उंबराचे झाड आहे आणि आमोस संदेष्टा उंबरांचीच निगा राखत असे. तिकडचा उंबर वेगळ्या जातीचा, पण त्याचीही फळे खोडाला आणि जाड फांद्यांना येतात, आणि बुटक्या माणसाला चढता येईल अशा फांद्या खाली असतात. आमच्या मुलांनी नाटक बसवले तेव्हा जक्कयाचे झाड म्हणून वेडी बाभूळ आणली होती. तिच्यावर जक्कय चढता तर प्रभूने हाक मारायच्या आधीच ओरडत खाली आला असता.

पळस आणि आपटा यांचे थोडक्यात. पळसाला पाने तीनच, म्हण ठाऊक आहे. खरे तर ती एका पानाची तीन दले. फाल्गुनात निष्पर्ण फांद्यांवर शेंदरी फुले, शेंगेच्या टोकाला एकच बी. पत्रावळी, द्रोण, होळीचा रंग, मुळांच्या सालीचे दोर. बंगालमधल्या प्लासी गावाचे नावही पळसावरूनच. पत्रावळ्या टाचून देणाऱ्या बायकांचा धंदा कागदी ताटांनी बसवला. मंडळीच्या प्रीतिभोजनाला एकदा पळसाच्या पत्रावळ्या मागवून बघाव्यात. आपट्याचे पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंद, मधोमध चिरलेले. दसऱ्याच्या बाजारात बरेचदा कांचनाच्या मोठ्या पानांच्या फांद्या आपटा म्हणून विकतात. दोन्ही झाडे त्या आठवड्यात ओरबाडली जातात.

हे शिकायचे कोणाकडून

आपल्या परंपरेत झाडे ओळखणारी माणसे कमी नाहीत. विल्यम कॅरी यांना आपण मराठी बायबल आणि 1805 च्या मराठी व्याकरणासाठी ओळखतो. पण सेरामपूरला त्यांची मोठी बाग होती आणि रॉक्सबर्ग यांचा भारतीय वनस्पतींवरचा ग्रंथ त्यांनीच संपादून छापला. सह्याद्रीत, कोकणात दिसणाऱ्या कुंभा या झाडाचे शास्त्रीय नाव 'करेया' हे रॉक्सबर्ग यांनी कॅरींच्या नावावरून ठेवले. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातले जेजुइट धर्मगुरू हर्मेनेगिल्ड सांतापाव पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षण खात्याचे संचालक झाले आणि सामान्य वाचकांसाठी त्यांनी राष्ट्रीय पुस्तक न्यासाकरता सर्वसाधारण झाडांवर छोटे पुस्तक लिहिले.

पण पुस्तकाआधी पिढीवरच्या म्हाताऱ्याकडे जावे. तितर, लावे पकडण्यासाठी फास लावणारे ते फासेपारधी. कोणत्या झुडपाखाली पाखरू उतरते हे ज्याला कळत नाही त्याचा फास रिकामा राहतो. शिकार कायद्याने बंद आहे आणि ती बंदच राहावी. मात्र ती नजर अजून आहे, आणि शाळेत तिला गुण मिळत नाहीत. आम्ही आता महिन्यातून एकदा एका आजोबांना बोलावतो. ते मुलांना घेऊन माळावर जातात, मी मागून वही घेऊन चालतो. पहिल्या दिवशी त्यांनी हिवराला हात लावून मला विचारले, "गुरुजी, हे काय?" मी बाभूळ म्हणालो. पोरे हसली.

या जून महिन्यासाठी

वसतिगृहे, शाळा आणि मंडळ्या झाडे लावणार असतील तर बी आताच गोळा करावे लागेल. निंबोळी जूनच्या सुमारास पिकते आणि तिची उगवण्याची ताकद दोन-तीन आठवड्यांत जाते, म्हणून वेचल्यावर गर काढून लगेच पिशवीत पेरावी; पुढच्या वर्षासाठी साठवून उपयोग नाही. चिंचोके रात्रभर पाण्यात भिजवावेत. देशी बाभळीच्या बीचे कवच कठीण असते. गरम पाणी ओतून ते एक दिवस तसेच ठेवतात. पण त्याहून सोपी रीत मुलांनी सांगितली. शेंगा शेळ्यांना खाऊ घालायच्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाड्यातून लेंड्यांबरोबर पडलेले बी गोळा करायचे. पोटातून जाऊन आलेले बी लवकर उगवते. वेड्या बाभळीच्या शेंगा त्याच दिवसांत शेळ्यांनी खाल्ल्या असतील तर तेही बी त्यात येईल, म्हणून आठ दिवस शेळ्या ओढ्याकडे सोडू नयेत.

खड्डे दीड फूट लांब, रुंद आणि खोल, पावसाआधी खणून उन्हात तापू द्यावेत. शाळेच्या आवारात बकाणा नको. आपट्याची रोपे हवी असल्यास आमच्याकडे या वर्षी चाळीसेक तयार आहेत. नेणाऱ्याने येताना पिशव्या परत आणाव्यात.